दोन अनिता



अनिता हे नाव आपल्या प्रत्येक गटात एकीचं तरी असतंच. आज आम्ही जिची गोष्ट घेऊन आलोय ती अनिता मात्र न्यूयॉर्कची. शिवणकाम करते, मोठ्यानं हसते, कुणी एक बोललं तर दोन ऐकवते. खरी बाई नाही ती, सिनेमातली आहे. सिनेमाचं नाव 'वेस्ट साइड स्टोरी'. तो एकदा १९६१ साली निघाला आणि साठ वर्षांनी, २०२१ साली, पुन्हा नव्यानं काढला गेला. दोन्ही वेळा अनिताचं काम करणाऱ्या नटीला ऑस्कर मिळालं. एकाच भूमिकेसाठी दोन बायांना ऑस्कर, असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

आमच्या गटानं हे दोन्ही सिनेमे लागोपाठ दोन संध्याकाळी पाहिले. त्यावरून जो वाद झाला तो अजून मिटलेला नाही. म्हणून म्हटलं, रेडिओवरच मांडू या.

आधी गोष्ट सांगतो. न्यूयॉर्कच्या पश्चिम भागातली गरिबांची वस्ती. तिथं तरुण पोरांच्या दोन टोळ्या. एक गोऱ्या पोरांची, तिचं नाव जेट्स. दुसरी पोर्तो रिको बेटावरून आलेल्यांची, ती शार्क्स. शार्क्सचा म्होरक्या बर्नार्डो, त्याची बहीण मारिया, आणि त्याच्याशी जिचं जमलंय ती अनिता. नाचाच्या कार्यक्रमात मारियाची नजर जेट्समधल्या टोनीवर पडते, आणि पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. शेक्सपिअरच्या रोमिओ-ज्युलिएटची ही गोष्ट. आपण ती 'सैराट'मध्ये आर्ची-परशाची म्हणून पाहिली. इथं फरक एवढाच की शेवटी मुलगी जिवंत राहते. हातात बंदूक घेऊन ती दोन्ही टोळ्यांपुढं उभी राहते, आणि कुणाची मान वर होत नाही.

ज्यांनी संगीत नाटक पाहिलंय त्यांना यातली गाणी परकी वाटायची नाहीत. पात्रं बोलता बोलता गायला लागतात, भांडता भांडता नाचायला लागतात. मुळात हे नाटकच होतं, १९५७ सालचं. ते रचणारे चौघे: नृत्य बसवणारे जेरोम रॉबिन्स, संगीतकार लेनर्ड बर्नस्टाइन, संवाद लिहिणारे आर्थर लॉरेंट्स आणि गाणी लिहिणारे स्टीफन सॉन्डहाइम. चौघेही पुरुष, चौघेही ज्यू घरांतले. पहिल्या कल्पनेत भांडण ज्यू आणि कॅथलिक घरांमधलं होतं. पुढं वर्तमानपत्रांत टोळीयुद्धांच्या बातम्या येऊ लागल्या, आणि ज्यूंच्या जागी पोर्तो रिकोची माणसं आली. आपण एवढी गरिबी कधी भोगली नाही आणि पोर्तो रिकोच्या माणसाला कधी भेटलोही नाही, असं सॉन्डहाइम स्वतःच म्हणाले होते. म्हणजे ज्यांची गोष्ट जगभर गाजली, त्यांना लिहिणाऱ्यानं पाहिलेलंच नव्हतं.

मग ती माणसं होती तरी कोण?

पोर्तो रिको हे कॅरिबियन समुद्रातलं बेट. ऊस, कॉफी, तंबाखू पिकवणारं. आधी स्पेनच्या ताब्यात होतं, १८९८ च्या युद्धानंतर अमेरिकेकडं गेलं. १९१७ साली बेटावरच्या लोकांना अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं, पण बेटावर राहणाऱ्याला राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही. आजही नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर बेटावर शेतीतलं काम आटलं, विमानाचा प्रवास आवाक्यात आला, आणि लाखो माणसं न्यूयॉर्कला गेली. त्यांतल्या कितीतरी बाया कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसल्या. सिनेमातली अनिता शिवणकाम करते ते उगीच नाही.

आणि जिनं १९६१ साली अनिता साकारली, तिची आईही शिवणकामच करायची. नटीचं नाव रीटा मोरेनो. जन्म १९३१ चा, पोर्तो रिकोतला. पाच वर्षांची असताना आई तिला घेऊन न्यूयॉर्कला आली. पूर्ण सिनेमात मोठी भूमिका असलेली पोर्तो रिकोची अशी ती एकटीच. बर्नार्डो झालेला जॉर्ज चाकिरिस ग्रीक आईबापांचा. मारिया झालेली नॅटली वुड रशियातून आलेल्या घरातली.

मग या गोऱ्या नटांना पोर्तो रिकोचं कसं केलं? तोंडाला तपकिरी रंग फासून. सगळ्यांना एकच रंग. रीटालासुद्धा! तिनं रंग लावणाऱ्याला सांगितलं, अहो, आमच्यात गोरीही माणसं असतात, सावळीही असतात, काळीही असतात. तर त्यानं उलट तिलाच विचारलं, तू वंशवादी आहेस का? हे तिनं पुढं कितीतरी मुलाखतींत सांगितलंय. ज्या बाईचा खरा चेहरा त्या गोष्टीचाच होता, तिलाही त्या गोष्टीत घ्यायला रंग लावावा लागला.

चेहऱ्याचं हे झालं. आवाजाचं तर आणखी विचित्र. नॅटली वुडनं मारियाची गाणी स्वतः गाऊन ध्वनिमुद्रित केली होती. आपलाच आवाज लागणार असं ती धरून चालली होती. पण सिनेमात आवाज लागला तो मार्नी निक्सन नावाच्या गायिकेचा. नॅटलीला हे कळलं काम संपत आल्यावर. आणि मार्नीचं नाव? पडद्यावर कुठंच नाही. 'द किंग अँड आय'मध्ये डेबोरा करसाठी तीच गायली, 'माय फेअर लेडी'मध्ये ऑड्री हेपबर्नसाठीही तीच. प्रेक्षकांना वाटायचं नटीच गातेय, आणि कंपन्यांना तसंच वाटू द्यायचं होतं. 'वेस्ट साइड'च्या तबकड्या धडाधड खपल्या तेव्हा त्यातलं तिला काही मिळणार नव्हतं. बर्नस्टाइन यांनी आपल्या वाट्यातला एक छोटा हिस्सा, शेकडा पाव टक्का, तिला दिला.

आपल्याला याचं नवल वाटतं, कारण आपल्याकडं पडद्यामागं गाणारीचं नाव शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण तेही आपोआप झालेलं नाही. १९४९ साली 'महल' आला तेव्हा त्यातल्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिकेचं नाव 'कामिनी' असं छापलं होतं. कामिनी हे सिनेमातल्या पात्राचं नाव. गाणं रेडिओवर लागलं, ऐकणाऱ्यांनी पत्रं लिहून विचारलं की ही गाणारी कोण, आणि मग रेडिओवरून नाव सांगितलं गेलं: लता मंगेशकर. रेडिओ ऐकणाऱ्यांच्या पत्रांनी एवढं होऊ शकतं, हे आम्ही रेडिओवाल्या जरा छाती फुगवून सांगतो.

आता त्या वस्तीबद्दल. आमच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच.

न्यूयॉर्कच्या पश्चिम भागात लिंकन स्क्वेअर आणि सॅन वान हिल या नावांच्या वस्त्या होत्या. तिथं काळी माणसं राहायची, पोर्तो रिकोची राहायची, आणखीही गरीब कुटुंबं होती. १९४९ च्या घरबांधणी कायद्यानं शहरांना झोपडपट्टी हटवण्यासाठी सरकारी पैसा मिळू लागला. न्यूयॉर्कमध्ये ही सूत्रं होती रॉबर्ट मोझेस या बड्या अधिकाऱ्याच्या हाती. त्यानं हा भाग पाडायचं ठरवलं. तिथं उभं राहणार होतं लिंकन सेंटर: नाट्यगृह, संगीतगृह, ऑपेरा, नृत्य, सगळं एका जागी. सात हजारांहून जास्त कुटुंबं उठवली गेली. १९५९ च्या मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी तिथं पहिलं फावडं मारलं. त्या समारंभात वाद्यवृंद चालवायला कोण होतं? लेनर्ड बर्नस्टाइन. ज्यांनी त्या वस्तीच्या नाटकाला संगीत दिलं, तेच.

आणि १९६१ च्या सिनेमाची सुरुवातीची दृश्यं, पोरं चुटक्या वाजवत रस्त्यावरून निघतात ती, यातली बरीचशी याच पाडायला काढलेल्या गल्ल्यांमध्ये चित्रित झाली. माणसं उठवली होती, घरं उभी होती. रिकाम्या घरांसमोर नट नाचले. मग घरंही गेली.

तीच वर्षं आपल्याकडं कोयनेचं धरण बांधण्याची. ज्यांची माहेरं पाण्याखाली गेली त्यांना सांगायला नको की रिकामं घर कसं दिसतं.

जुन्या सिनेमात या पाडापाडीचा एक शब्दही नाही. दोन टोळ्या एका गल्लीसाठी एकमेकांचा जीव घेतात आणि ती गल्लीच उद्या नसणार आहे, हे कुणी बोलत नाही. २०२१ चा सिनेमा मात्र तिथूनच सुरू होतो. पडद्यावर पहिल्यांदा दिसतो राडारोडा. विटा, मोडक्या भिंती, पाडायची यंत्रं, आणि झोपडपट्टी हटवल्याची पाटी. दिग्दर्शक स्टीव्हन स्पिलबर्ग आणि लेखक टोनी कुश्नर यांनी काळ १९५७ चाच ठेवला, पण दोन्ही टोळ्यांच्या पायाखालची जमीन सरकतेय हे पहिल्या मिनिटात दाखवलं. भांडण कशावरून आहे हे त्यामुळं कळतं. आम्हाला नव्या सिनेमातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटली.

चेहऱ्यांची चूकही त्यांनी दुरुस्त केली. मारिया झालेली रेचल झेग्लर ही न्यू जर्सीतली शाळकरी मुलगी, आईच्या बाजूनं कोलंबियाची. हजारो मुलींमधून तिला निवडलं, आणि ती स्वतः गाते. अनिता झाली अरियाना डिबोज. तिचे वडील पोर्तो रिकोचे, ती वर्णानं काळी. म्हणजे रीटा त्या रंगवाल्याला जे सांगत होती, ते साठ वर्षांनी पडद्यावर आलं: एकाच घरात, एकाच नाचात सगळ्या रंगांची माणसं.

भाषेचंही तसंच. नव्या सिनेमात ही माणसं घरात स्पॅनिश बोलतात, आणि त्या बोलण्याखाली इंग्रजी अक्षरांची पट्टी येत नाही. स्पिलबर्ग यांचं म्हणणं असं की पट्टी दिली तर इंग्रजी वरचढ ठरते. अमेरिकेत यावर बरीच चर्चा झाली. आमच्या गटात मात्र गंमत झाली. इंग्रजी समजणारी एकच मुलगी होती, ती आम्हाला सांगत होती. स्पॅनिश सुरू झालं की तीही गप्प. मग आम्ही सगळ्याच सारख्या. पण खरं सांगतो, रागावलेली बहीण भावाला काय म्हणतेय हे कळायला भाषा लागली नाही.

या भाषेवरूनच अनिताची गोष्ट उभी राहते. नवी अनिता सारखी बजावत असते, इंग्रजी बोला, इंग्रजी बोला. तिला या देशात राहायचंय, स्वतःचं शिवणकामाचं दुकान काढायचंय. बर्नार्डोला परत बेटावर जायचंय. यावरून दोघांची जुंपते, ते गाणं म्हणजे दोन्ही सिनेमांचा कळस. मूळ नाटकात हे गाणं फक्त मुलींचं होतं आणि त्यात बेटाची बरीच नालस्ती होती. रीटा सांगते, ते शब्द गावे लागणार म्हणून ती भूमिकाच सोडायच्या विचारात होती. १९६१ च्या सिनेमासाठी शब्द बदलले, आणि गाणं बाया विरुद्ध पुरुष असं झालं. बाया म्हणतात इथं काय काय मिळतं, पुरुष म्हणतात कुणाला मिळतं. जुन्या सिनेमात ते रात्री गच्चीवर होतं. रीटा जांभळ्या झग्यात अशी काही फिरते की आमच्या डोळ्यांची पापणी लवली नाही. नव्यात ते भर दिवसा होतं. घरातल्या वाळत घातलेल्या कपड्यांपासून सुरू होऊन रस्त्यावर येतं, आणि पूर्ण वस्ती त्यात ओढली जाते. अरियानाचा झगा पिवळा, आत लाल. आमच्या गटातल्या शिवणकाम करणाऱ्या ताईंनी ते गाणं तीनदा मागं घ्यायला लावलं. गाण्यासाठी नव्हे, झग्याचा घेर कसा काढलाय ते पाहायला.

नाचाच्या बाबतीत आमच्यातल्या बऱ्याच जणी जुन्याच्या बाजूनं आहेत, आणि आम्ही ते लपवत नाही. नव्या सिनेमात धूळसुद्धा जरा नीटनेटकी वाटते. जुन्यात पोरांच्या पायांत खुन्नस आहे. रॉबिन्स यांनी नटांकडून इतकी मेहनत करून घेतली, इतका वेळ घेतला, की कंपनीनं त्यांना मध्येच काढून टाकलं आणि दुसरे दिग्दर्शक रॉबर्ट वाइज यांनी सिनेमा पुरा केला. ती मेहनत दिसते. त्या सिनेमाला दहा ऑस्कर मिळाली ती काही फुकट नाहीत.

नव्यातली आणखी एक जागा सांगायलाच हवी. शार्क्सची पोरं बेटाचं जुनं क्रांतिगीत गातात. ते शब्द एका बाईचे, लोला रॉद्रिगेस दे तियो यांचे, १८६८ सालच्या उठावाच्या वेळचे. लिहिण्यापायी त्यांना बेट सोडून परागंदा व्हावं लागलं. पुढं अमेरिकेच्या अमलात, १९४८ ते १९५७ या काळात, बेटाचा झेंडा लावणं किंवा असली गाणी म्हणणं हा कायद्यानं गुन्हा होता. पोरांना टवाळ समजणारा पोलीस समोर उभा, आणि पोरं त्या बाईचे शब्द गातात. जुन्या सिनेमाला हे सुचलंच नसतं.

आता ज्या प्रसंगावरून आमच्यात वाद पेटला तो. बर्नार्डो मारला गेलाय. तरीही अनिता मारियासाठी टोनीला निरोप द्यायला जेट्सच्या अड्ड्यावर, एका दुकानात जाते. तिथं जेट्सची पोरं तिला घेरतात, तिच्यावर हात टाकतात. जुन्या सिनेमात दुकानदार म्हातारा डॉक येतो आणि ते थांबतं. चिडलेली, दुखावलेली अनिता खोटंच सांगते की मारिया मेली, आणि त्या एका खोट्यातून टोनीचा मृत्यू ओढवतो. रीटानं सांगितलंय की हा प्रसंग चित्रित होताना तिच्या स्वतःच्या आयुष्यातलं जुनं सगळं वर आलं आणि ती ढसाढसा रडली. काम थांबवावं लागलं.

नव्या सिनेमात डॉक नाही. दुकान त्याची विधवा व्हॅलेंटिना चालवते. ती पोर्तो रिकोची, लग्न गोऱ्याशी केलेलं. आणि व्हॅलेंटिना झालीय रीटा मोरेनो. चित्रीकरणाच्या वेळी वय ८७. पोरं नव्या अनिताला घेरतात तेव्हा जेट्सच्याच मैत्रिणी तिला सोडवायला धावतात. त्यांना ढकलून बाहेर काढलं जातं, दार बंद होतं. मग व्हॅलेंटिना येते. ज्या पोरांना तिनं लहानाचं मोठं होताना पाहिलं, त्यांना ती तोंडावर सांगते की तुम्ही बलात्कारी झालात. जुन्या सिनेमात हा शब्द कुणीच उच्चारत नाही. आणि अनिता, जी दिवसभर इंग्रजी इंग्रजी करत होती, ती स्पॅनिशमध्ये सांगते की मी अमेरिकन नाही, मी पोर्तो रिकोची आहे.

आमच्या काही जणी म्हणाल्या, एवढ्या एका प्रसंगासाठी सिनेमा पुन्हा काढला तरी चाललं असतं. दुसऱ्या म्हणाल्या, ठीक आहे, पण लिहिणारा आणि काढणारा याही वेळी बेटाचा नाहीच. चाकू-सुरे घेतलेली पोरं हीच आमची ओळख का, हे पोर्तो रिकोची माणसं साठ वर्षं विचारतायत, त्याचं उत्तर नव्यातही नाही. रीटाला १९६२ मध्ये ऑस्कर मिळालं, त्यानंतर तिच्याकडं पुन्हा पुन्हा टोळीतल्या पोरींचीच कामं आली. तिनं ती नाकारली, आणि बरीच वर्षं सिनेमातलं काम जवळजवळ थांबलं. ऑस्करला घातलेला झगा मात्र तिनं जपून ठेवला आणि २०१८ च्या सोहळ्यात तोच पुन्हा घातला.

'सैराट'चा हिंदीत 'धडक' झाला तेव्हा जातीची धार कशी बोथट झाली, हे आपण पाहिलंय. नव्यानं काढताना गोष्ट पातळ होते, असा आमचा अनुभव. इथं उलट झालं, म्हणून आम्ही पहिल्या बाजूच्या.

पण आमच्यातल्या एका आजींनी तिसरंच काढलं. त्यांचं माहेर कोयनेच्या पाण्याखाली आहे. त्या म्हणाल्या, नव्या सिनेमातली माणसं खरी असतील, पण गल्ली उभारलेली आहे ना? आम्ही म्हटलं, हो. मूळ वस्ती राहिलीच नाही, म्हणून बरंचसं चित्रीकरण पॅटरसन नावाच्या दुसऱ्या गावात झालं. आणि जुन्यात? जुन्यात तोंडं रंगवलेली, पण सुरुवातीच्या भिंती खऱ्या, दारं खरी. दुसऱ्या दिवशी गट जमला तेव्हा त्यांनी जुनाच सिनेमा लावायला सांगितला, फक्त सुरुवातीचा. नाचणाऱ्या पोरांकडं त्यांचं लक्ष नव्हतं. मागं एक खिडकी आली तिथं त्या म्हणाल्या, थांबव. आम्ही थांबवलं.